दोघांना चालेल अशी जागा

चैत्र संपता संपता एका संध्याकाळी गारा पडल्या आणि माझ्या फोटोच्या दुकानाचं काचेचं छत फुटलं. आमच्या गल्लीत वीज आलेली नव्हती. छतातून खाली उतरणारा उजेड हेच माझं भांडवल, आणि ते आता जाजमावर तुकडे होऊन पडलं होतं. नव्या काचा पुण्याहून यायच्या होत्या. कधी येतील ते तिथला व्यापारी सांगेना. पुढं वैशाख, लग्नसराई, नवी जोडपी, माहेरी आलेल्या लेकी. दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. म्हणून मी कॅमेरा, तिवई आणि काळं कापड खांद्यावर टाकलं आणि गिऱ्हाइकांना घेऊन बारामतीत उघड्यावर जागा शोधत फिरायला लागलो.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. पंधरा दिवसांत गावातला उजेड मला पाठ झाला. शाळेच्या मागच्या भिंतीला सकाळी आठपासून दहापर्यंत सावली असायची. सोडावॉटरच्या कारखान्यासमोरच्या कट्ट्याला नवा चुना दिला होता; तिथं बसवलं की सावळी माणसं उजळ दिसायची, म्हणून नवरीकडची मंडळी तीच जागा मागायची. एका सराफाला तिजोरीसमोर फोटो हवा होता. तिजोरी काही रस्त्यावर आणता येईना, तेव्हा तो वडाखाली किल्ल्यांचा जुडगा छातीशी धरून बसला आणि त्याच्या मागं सगळं कुटुंब उभं राहिलं. अशा कामात आपला हात कुणी धरणार नाही असं मला वाटायला लागलं होतं, आणि त्याच सुमारास अंथुर्ण्याची म्हातारी दुकानात आली.

सत्तरीची असेल. बरोबर तिची कन्हेरीला दिलेली लेक होती. म्हातारीनं आधी फुटक्या छताकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि एवढा उजेड येतोय तर तो पुरत नाही का असं विचारलं. मी म्हटलं, उजेड पुरतो, पण अजून वरून काचा पडतात. ते तिला पटलं. मग ती खाली बसली आणि तिनं काम सांगितलं.

तिला दोन मुलगे होते. नवरा गेला तेव्हा त्याचा एकही फोटो नव्हता. आपलं तसं होऊ नये, आणि आपण असेपर्यंत सगळ्या घराचा एक फोटो निघावा, एवढीच तिची इच्छा होती. अडचण अशी की मुलगे सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण कालव्याच्या पाण्याचं. थोरल्याची पाळी चालू असताना धाकट्यानं तासभर पाणी आपल्या वांग्यांकडं वळवलं, असं थोरल्याचं म्हणणं. पाळी आपलीच होती, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला विचारा, असं धाकट्याचं म्हणणं. पाटकरी तर बदलून कुठल्या कुठं गेला होता. त्या एका तासापायी वाटणी झाली. रान वाटलं, घर वाटलं, आणि बैलजोडीही वाटली, एकेकाला एकेक बैल. पण ते दोन्ही बैल खोंडपणापासून एका जुवाखाली वाढलेले. दुसरा जोडीदार आणून जुंपला की ते जागच्या जागी बसकण मारायचे. त्यामुळं नांगरटीला, पेरणीला आणि बाजारच्या दिवशी भावांना एकत्र यावंच लागायचं. ते यायचे, काम करायचे आणि काही सांगायचं असलं तर बैलाला सांगायचे. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांचं मात्र गूळपीठ होतं. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते भावांना कळायच्या आधी त्यांनी वाटून खाल्लेलं असायचं.

फोटोला दोघेही तयार होते, पण जागेवरून अडलं होतं. थोरल्याच्या रानात धाकटा बसणार नाही, धाकट्याच्या रानात थोरला. घरापुढच्या अंगणात मधोमध दगडांची ओळ घातलेली. फोटोत ती ओळ आईच्या पायांखालून जाणार. म्हातारीनं खूप विचार करून बारामती ठरवली होती, कारण बारामतीत दोघांपैकी कुणाचीही वीतभर जमीन नव्हती.

मी तिला विचारलं की फोटोच्या निमित्तानं त्यांनी एकमेकांशी बोलावं असं तुमच्या मनात आहे का.

"त्यांनी बोलावं असं माझं म्हननं न्हाय," ती म्हणाली. "नुसतं एका काचंत बसवा."

आठवड्यानं सगळी मंडळी एकाच गाडीतून आली. जुवाला दोघांचे दोन बैल. धुरेवर धाकटा, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून थोरला, तोंड मागं सुटणाऱ्या रस्त्याकडं. मधे म्हातारी, दोघी सुना आणि पाच पोरं. मुक्काम कन्हेरीला लेकीकडं.

पहिल्या दिवशी मी दुकानामागच्या मोकळ्या जागेत माझा रंगवलेला पडदा टांगला. त्यावर एक राजवाडा, एक कारंजं आणि एक मोर होता. पुण्याहून आणलेला, माझा फार आवडता. धाकट्यानं तो बराच वेळ निरखला आणि वाडा कुणाचा असं मला विचारलं. मी म्हटलं, कुणाचा नाही, चित्र आहे. त्यावर थोरला बैलाच्या कपाळाकडं बघत म्हणाला की मालकाचा पत्ता नसताना त्याच्या दारात जाऊन बसायला आपण काही भिक्षेकरी नाही. धाकट्यानं बैलाकडं बघून मान हलवली. सात वर्षांत दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट, असं नंतर धाकटी सून मला म्हणाली. मी पडदा गुंडाळला.

तिथून आम्ही कऱ्हेच्या घाटावर गेलो. पायऱ्यांवर माणसं चढत्या ओळीत बसतात, कुणाचं डोकं कुणाच्या आड येत नाही, म्हणून घाट मला पसंत होता. धाकट्यालाही पसंत पडला. तेवढ्यावरून थोरल्याला तो नापसंत झाला. इथं दहाव्याला बसतात, जिवंत माणसांनी इथं ओळीनं बसून काय म्हणून दाखवायचं, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, नदी फोटोत येणारच नाही, मी तिवई फिरवतो. तो म्हणाला, "दिसत न्हाय म्हनून नदी कुठं जाती का?"

तरी त्याचं मन वळावं म्हणून मी त्याला काळ्या कापडाखाली बोलावलं आणि दुधी काचेत चित्र कसं दिसतं ते दाखवलं. कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं, हे त्याला सांगायचं माझ्या ध्यानात आलं नाही. पायरीवर धाकटा बसला होता. थोरल्याला काचेत भाऊ डोकं खाली पाय वर असा लटकलेला दिसला. तो कापडाखालून बाहेर येईचना. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि फोटो असाच उलटा मिळेल का असं त्यानं मला हळूच विचारलं. नाही म्हटल्यावर घाट कायमचा रद्द झाला.

दुसऱ्या दिवशी स्टेशन. ही जागा धाकट्यानं सुचवली आणि सरकारी आहे म्हणून थोरल्यानं हरकत घेतली नाही. दौंडला जाणारी छोटी गाडी फलाटाला लागली होती. इंजिन मागं घ्यावं आणि पुढं कुटुंब बसवावं असा माझा बेत. स्टेशनमास्तर भला माणूस. त्यानं स्वतःच्या खोलीतली दोन बाकडी दिली. मी थोरल्याला डाव्या टोकाला बसवलं, धाकट्याला उजव्या, मधे म्हातारीची जागा ठेवली आणि कापडाखाली शिरून काच जुळवायला लागलो. उलट्या चित्रात मला दोन्ही भाऊ दिसले, सुना दिसल्या, पोरं दिसली. मधली जागा मोकळी. मी डोकं बाहेर काढलं तेवढ्यात घंटा झाली आणि गाडी हलली.

म्हातारी गाडीत होती. खिडकीशी नीट बसली होती, मांडीवर हात ठेवून, फोटोसाठी अंगावर घातलेल्या सगळ्या दागिन्यांसह. तिनं आमच्याकडं बघितलं, पण हाक मारली नाही. दोन्ही भाऊ उठून गाडीबरोबर धावले. गाडीचा वेग काही फार नव्हता. फलाट संपेपर्यंत ते दोघं खिडकीच्या दोन बाजूंना धावत होते आणि दोघेही आईला उतर म्हणून सांगत होते, पण चालत्या गाडीतून उतरायचं कसं ते कुणीच सांगत नव्हतं. फलाट संपला तसे ते थांबले. एकमेकांच्या शेजारी उभं राहून धापा टाकत त्यांनी गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघितली आणि वेगवेगळ्या बाजूंनी परत आले.

मास्तरनं पुढच्या स्टेशनला तार केली. तिथून उत्तर आलं की बाई उतरली आहे, खुशाल आहे आणि चहा पिते आहे. संध्याकाळच्या परतीच्या गाडीनं ती आली तेव्हा उजेड गेलेला होता. लेकीनं रागानं विचारलं की हे काय केलंस. म्हातारी म्हणाली की जन्मात आगगाडीत बसले नव्हते, गाडी समोर उभी होती, दार उघडं होतं, आणि फोटो काढून झाल्यावर कुणी बसू दिलं नसतं. मग माझ्याकडं वळून तिनं सांगितलं की गाडी चांगली आहे, थांबते. त्या दिवशीचा फोटो राहिला, पण तिच्याएवढं खूश त्या सबंध काळात मी कुणाला बघितलं नाही.

तिसरी जागा मी निवडली, आणि ती चूक माझीच. गावाबाहेर कालव्यावर एक दगडी पूल होता. सकाळी पुलाच्या अलीकडं करंजाची दाट सावली पडायची, आणि पाण्यावरून येणारा उजेड चेहऱ्यांना खालून उजळायचा. मला फक्त उजेड दिसत होता. ज्या पाण्यावरून सात वर्षं अबोला होता तेच पाणी आपण फोटोत घेतोय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. नवल म्हणजे भावांनीही तक्रार केली नाही. मागल्या दिवशी आई हातची गेली होती, त्यामुळं दोघेही नरमले असावेत. म्हातारीला मधे बसवून तिच्या लुगड्याच्या पदराला लेकीनं एक गाठ मारली आणि पदराचं टोक स्वतःच्या हातात ठेवलं.

सगळं जुळलं. मी कॅमेऱ्यात फोटोची काच भरली, सगळ्यांना श्वास धरायला सांगितलं, भिंगाचं टोपण काढलं आणि मोजायला लागलो. एक म्हटलं. दोन म्हणायच्या आत दोन्ही भाऊ एकदम उठले आणि माझ्या अंगावरून पलीकडं धावले.

माझ्या पाठीमागं कालव्याला चारीचं एक तोंड होतं. कुणीतरी त्यात दगड आणि तरवडाच्या फांद्या कोंबून पाणी अडवलं होतं. चारी त्यांची नव्हती, रान त्यांचं नव्हतं, ते गावही त्यांचं नव्हतं. पण कुणाची तरी पाळी चाललीय आणि कुणीतरी पाणी अडवलंय, हे दोघांना एकाच वेळी दिसलं आणि ते काही त्यांना बघवलं नाही. नवी धोतरं नेसलेली, डोक्याला नवे फेटे, आणि ते कमरेपर्यंत पाण्यात उतरून फांद्या उपसत होते. थोरला दगड काढून मागं द्यायचा, धाकटा तो घेऊन काठावर टाकायचा. एक शब्द नाही. चारी वाहायला लागली तेव्हा शेजारच्या मळ्याचा मालक धावत आला. फांद्या त्यानंच घातल्या होत्या. वरची चारी दुरुस्त व्हायची होती म्हणून पाटकऱ्याला विचारून. आता ते पाणी त्याच्या कोथिंबिरीच्या वाफ्यांत शिरलं होतं. त्यानं दोघांना जे सुनावलं ते दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून, मान खाली घालून ऐकून घेतलं.

ती काच मी रसायनात धुतली तेव्हा तिच्यावर म्हातारी स्वच्छ आली होती, सुना आणि पोरं आली होती, आणि दोन्ही टोकांना दोन पांढुरके लोट वर चढत गेलेले होते. ती म्हातारीला द्यावी की नाही मला कळेना. मी कन्हेरीला जाऊन तिला त्या काचेचा कागदावरचा ठसा दाखवला. तिनं दोन्ही लोटांवरून बोट फिरवलं आणि कुठला लोट कुणाचा ते बरोबर सांगितलं.

मी तिला म्हणालो की आता मला बारामतीत जागा उरली नाही. मग तिनं सांगितलं की दोघं पोरं आपण होऊन, न बोलावता, धुतलेले कपडे घालून एकत्र येतात अशी एक जागा आहे.

"तारखंला चला," ती म्हणाली. "इंदापूरला."

पाण्याचा दावा इंदापूरच्या कचेरीत तीन वर्षं चालू होता. तारखेला भाऊ एकाच गाडीतून जायचे, कारण बैल. कचेरीच्या आवारात मोठा लिंब होता, आणि पुकारा होईपर्यंत दोघं त्याच्या पारावर बसून राहायचे. एवढं जवळ ते दुसरीकडं कुठंच बसत नसत, असं म्हातारी म्हणाली. घरची भाकरीही तिथंच सोडायचे. थोरलीनं बांधून दिलेली भाकरी धाकटा खायचा आणि धाकटीनं दिलेली थोरला, कारण बहिणी बांधताना आपली-परकी बघत नव्हत्या.

ज्येष्ठात तारीख होती. मी सामान घेऊन सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला गेलो. दोन्ही भाऊ, म्हातारी, सुना, पोरं आणि लेक आधीच येऊन पारावर बसली होती. लिंबाची सावली पाहिली आणि मला मनातून लाज वाटली; एवढी चांगली जागा मला सुचलीच नव्हती. उजेड चाळून आल्यासारखा मऊ पडत होता. मागं कचेरीची साधी पांढरी भिंत. इतकं सरळ काम मी उन्हाळाभर केलं नव्हतं. मी बाकडं मागायला कचेरीच्या ओसरीवर गेलो आणि तिथून घोटाळा सुरू झाला.

कारकुनानं विचारलं, फोटो कसला. मी सांगितलं. त्यानं विचारलं, वादी कुठं बसणार आणि प्रतिवादी कुठं. मी म्हटलं, आईच्या दोन बाजूंना. तो म्हणाला की हे वकिलांना विचारावं लागेल. दोघांचे दोन वकील आले. थोरल्याच्या वकिलाचं म्हणणं पडलं की असा फोटो निघाला तर उद्या प्रतिवादी तो दाखवून तडजोड झाली असं म्हणेल. धाकट्याचा वकील म्हणाला की उलट ही भीती आपल्यालाच जास्त आहे. दोघांचा वाद इतका रंगला की भाऊ पारावरून मान वर करून ऐकायला लागले. शेवटी दावा चालवणारे साहेब आतून बाहेर आले. काय चाललंय ते त्यांनी ऐकून घेतलं, पारावर बसलेल्या म्हातारीकडं पाहिलं, आणि एक कागद लिहून घ्या म्हणून कारकुनाला सांगितलं.

कागदावर लिहिलं गेलं की सदरहू फोटोत उभय पक्ष एका बाकावर बसले असले तरी त्यावरून त्यांच्यात समेट झाला असा अर्थ कोणी काढू नये, व फोटो दाव्याच्या कामी पुरावा म्हणून दाखल करू नये. दोन्ही भावांनी सह्या केल्या. मी फोटोवाला म्हणून साक्ष घातली. म्हातारीनं विचारलं की तिचा अंगठा कुठं. ती पक्षकार नाही असं कारकुनानं सांगितल्यावर ती म्हणाली की मग ती मधे बसायला मोकळी आहे. साहेबांनी तिच्यासाठी आतून आपली हाताची खुर्ची पाठवली.

मी थोरल्याला खुर्चीच्या उजव्या बाजूला बाकड्यावर बसवलं, धाकट्याला डाव्या बाजूला. कापडाखाली गेलो तर थोरला अर्धा बाहेर. खुर्ची रुंद होती, सगळे मावेनात. मी खुर्ची काढून म्हातारीला बाकड्यावरच घ्यायचं म्हटलं, पण साहेबांची खुर्ची परत कशी करायची म्हणून कुणी तयार होईना. मग दोघा भावांना खुर्चीच्या एकाच बाजूला, शेजारी शेजारी घेतलं. तरी थोरल्याचा खांदा कापला जात होता आणि धाकट्याला बसायला टीचभर जागा. मी थोरल्याला सरका म्हणून सांगितलं. त्याला वाटलं मी आणखी बाहेर सरकायला सांगतोय, आणि तो बाहेर सरकला. मी पुन्हा हात केला. तो आणखी बाहेर गेला.

"दादा, हिकडं सरका," धाकटा म्हणाला.

लिंबाखाली सगळ्यांच्या माना धाकट्याकडं वळल्या. दोन्ही वकील ओसरीवर उभे होते, तेही वळून बघायला लागले. थोरला समोर बघत होता. मग तो धाकट्याच्या बाजूला सरकला.

"सरकलो," तो म्हणाला.

म्हातारीनं मान वळवली नाही. मी तिला हलू नका म्हणून बजावलं होतं आणि ती खरंच हलली नाही. फक्त खुर्चीच्या हातावरची तिची मूठ घट्ट झाली. मी टोपण काढलं. एक, दोन, तीन मोजलं आणि टोपण लावलं. मागाहून थोरल्याच्या वकिलानं कारकुनाला विचारलं की हे बोलणं कागदात घ्यावं लागेल का. कारकून म्हणाला की कागद फोटोपुरता आहे.

घरी येऊन काच धुतली तेव्हा मला दिसलं की चित्रात एक माणूस जास्त आहे. म्हातारीच्या खुर्चीमागं, बरोबर मधोमध, कचेरीचा पट्टेवाला उभा होता. अंगावर आडवा पट्टा, पांढरा फेटा, भरघोस मिशा, छाती पुढं. साहेबांची खुर्ची बाहेर गेली म्हणून तो तिच्यामागं येऊन उभा राहिला होता. खुर्ची कुठंही असली तरी तिच्यामागं उभं राहायचं हे त्याचं काम. त्या बोलण्याच्या गडबडीत मी काही त्याला पाहिलं नाही. आणि वाईट असं की सगळ्यांत चांगला तोच आला होता.

मी ठसे घेऊन अंथुर्ण्याला गेलो आणि म्हातारीची माफी मागितली. पुन्हा काढून देतो म्हणालो. तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला. आधी दोन्ही पोरांना बघितलं, किती वेळ ते सांगता येणार नाही, आणि मग मागच्या माणसाला.

"असू द्या," ती म्हणाली. "त्यो बी तारखंलाच आलाय."

फोटो तिनं आपल्या खोलीत लावला, आणि पुढं जे झालं ते मला तीन-चार वर्षांनी खुद्द पट्टेवाल्यानंच सांगितलं. घरातली पोरं मोठी होत होती, आणि फोटोच्या वेळी मागं कोण येऊन उभं राहिलं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. आजोबांचा फोटो घरात नव्हता, आणि या फोटोत आजीच्या मागं एक भारदस्त म्हातारबा उभा होता. हेच आजोबा, असं पोरांनी आपलं ठरवून टाकलं. पितृपंधरवड्यात नातवानं फोटोपुढं फूल ठेवलं. सुनांनी सासूला सांगितलं, तर म्हातारी म्हणाली की तिचा माणूस एवढा उंच नव्हता, पण राहू द्या, पोरांना कुणीतरी पाहिजे. पुढल्या वर्षी हार आला.

त्याच पंधरवड्यात, श्राद्धाच्या दुपारी पट्टेवाला कचेरीची नोटीस घेऊन अंथुर्ण्याला गेला. दारात त्याला पाहून नातू आत पळाला. थोरली सून बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. म्हातारीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला. पट्टेवाल्याला काही कळेना. त्यानं आत डोकावलं तर भिंतीवर तो स्वतः, गळ्यात झेंडूचा हार. मी त्याला विचारलं की मग तुम्ही काय केलंत. तो म्हणाला की काय करणार, पानं मांडली होती, जेवायला बसा म्हणाले, बसलो. दोन्ही भाऊ वाढायला होते. एकानं खीर वाढली, दुसऱ्यानं त्याच पातेल्यातून पुन्हा वाढली. जेवणानंतर त्यानं नोटीस दिली. दावा निकाली निघाला होता; तो तास कुणाचा हे सिद्ध झालं नव्हतं. दोघांनी ते ऐकलं, आणि थोरल्यानं धाकट्याला विचारलं की पान हवं का.

हे सगळं सांगून झाल्यावर पट्टेवाल्यानं मला विचारलं की त्या फोटोचा आणखी एक ठसा निघेल का. त्याचाही दुसरा फोटो नव्हता. काच माझ्याकडं होती. मी काढून दिला आणि त्यानं तो घरी लावला. ही एवढी माणसं कोण म्हणून बायकोनं विचारलं, तेव्हा अंथुर्ण्याचे पाव्हणे आहेत, असं त्यानं सांगितलं.